खानापूरची मातीची परात: पक्ष्यांच्या आंघोळीला एकदम बेस्ट

खानापूरला कुंभाराकडनं ही पसरट परात घेतली, चार स्टार. आतनं खरखरीत आहे त्यामुळं पक्ष्यांचे पाय घसरत नाहीत आणि खोली दीड-दोन इंचच, बुलबुल नि दयाळ सरळ आत बसून पंख फडफडवतात, चष्मेवाले (डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले चिमुकले पक्षी) झुंडीनं येतात पण काठावरच घुटमळतात, त्यांच्यासाठी मधे एक चपटा दगड टाका. फोटोला शटर स्पीड १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा नाहीतर थेंबांच्या नुसत्या रेघा येतात, आणि कॅमेरा पाण्याच्या लेव्हलला पाहिजे, झोपूनच काढा की! एक स्टार कापला कारण माती पाणी पिते, उन्हाळ्यात दुपारपर्यंत अर्धी रिकामी. ग्लेझवाली (चकचकीत लेप दिलेली) घेऊ नका, गुळगुळीत असते. पाणी मात्र रोज बदला, डास टपलेलेच असतात.