फार्मबॉट जेनेसिस: यंत्र चोख, घोळ वाफ्यात

बंद पडलेल्या गॅरेजचं किंवा जुन्या गोदामाचं अंगण हाताशी असेल आणि तिथे आपोआप चालणारी शेती करायची असेल, तर तयार संचांत फार्मबॉट जेनेसिसचं नाव हमखास निघतं. 1.5 बाय 3 मीटरचा वाफा, दोन्ही कडांना अ‍ॅल्युमिनियमचे रूळ, त्यावर सरकणारी कमान, डोकं रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं. बी हवेने ओढून उचलणारी आणि मातीत टाकणारी सुई, पाण्याचा झारा, ओलावा मोजणारा सेन्सर ही अवजारं कमान स्वतः चुंबकाने उचलते. आराखडे खुले असल्याने प्लास्टिकचा तुटका भाग थ्रीडी प्रिंटरवर काढून घेता येतो.

खरी मेहनत वाफ्याची. 30 सेंमी खोलीला 1.35 घनमीटर माती लागते. ती भिजली की वजन दोन टनांच्या घरात, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे किलो. गच्ची साधारण दीडशेच्या हिशोबाने बांधतात, तेव्हा गच्चीचा विचार सोडाच. गॅरेजची मूळ मातीही नको, तिच्यात ऑइल आणि शिसं मुरलेलं असू शकतं. काँक्रीटवर बाहेरून आणलेल्या मातीचा गादीवाफा करा, तळाला निचऱ्याची भोकं ठेवा.

ओली माती वाफ्याच्या कडेच्या फळ्यांना मधोमध बाहेर रेटते. सेंटीमीटरभर फुगवटा आला तरी रूळ समांतर राहत नाहीत. कमान अडखळते, मोजून पावलं टाकणाऱ्या मोटरची पावलं चुकतात आणि बी ओळीबाहेर पडतं. म्हणून रूळ फळीवर न बसवता वेगळ्या खांबांवर घ्या. रुळांच्या चौकटीचे दोन्ही कर्ण 335 सेंमी भरायला हवेत. माती भरून पाणी दिल्यावर पुन्हा मोजा. पहिल्या मापावर विसंबू नका.

पाण्याची टाकी 3 मीटर उंचीवर असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. मिनिटभर पाणी बादलीत सोडून मोजा आणि झाऱ्याची वेळ त्यावरून ठरवा. सुईत चिखल बसला की बी ओढलं जात नाही. पिनने साफ करावी लागते.

कमानीखाली झाडाला अर्धा मीटरच उंची मिळते. पालक, मुळा, गाजर छान. भेंडी आणि वेल बाद. मेथी मात्र हातानेच फेकून पेरा. एकेक दाणा मोजून मेथी लावणं म्हणजे निव्वळ हौस! खुडणीही तुमच्याच हाताने. साडेचार चौरस मीटरच्या भाजीतून यंत्राचे पैसे निघणार नाहीत. शाळेला किंवा प्रयोगाला जरूर घ्या. तण दाबणारं अवजार दोन पानांच्या कोंबांना पुरतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खुरप्यानेच उकराव्या लागतात.