चार पोर्टवाला बिनपंख्याचा मिनी पीसी: ओपीएनसेन्स टाकून आठ महिने वापरल्यावर

मार्चमध्ये ऑनलाइन मागवला होता. इंटेल एन१००, २.५ गिगाबिटचे चार पोर्ट, पंखा नाही, ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी एसएसडी आतच लावून आली. ब्रँडचं नाव लिहीत नाही, तसंही एकसारखेच डब्बे दहा नावांनी विकतात.

ओपीएनसेन्स (डब्ब्याला घरचा राउटर आणि फायरवॉल बनवणारं फुकट सॉफ्टवेअर) अर्ध्या तासात बसलं, पहिला महिना एकदम मस्त. आमच्याकडे ५०० एमबीपीएसचं फायबर, त्यावर माझं वर्क फ्रॉम होम, चार कॅमेऱ्यांचं रात्रीचं बॅकअप, पुतण्याचा गेम आणि माझे टॉरेंट, म्हणजे लोड भरपूर. एप्रिल संपता संपता मात्र रोज रात्री नऊच्या सुमारास डब्बा गार... म्हणजे गार नाही, तेच तर दुखणं होतं, पण ते नंतर कळलं. लाइट चालू, पिंग बंद, प्लग काढून लावला की पुन्हा सुरू. पुतण्या खालून ओरडणार, "काका, नेट पुन्हा गेलं!"

मग मी तेच केलं जे सगळे करतात, दिसेल ती सेटिंग फिरवली. स्टेट टेबल, म्हणजे चालू कनेक्शनची यादी, वाढवून १० लाख केलं, नंतर बघतो तर टॉरेंट फुल चालू असताना पण १४ हजारच स्टेट वापरात! डीफॉल्टच रॅमच्या १० टक्के असतं, एक स्टेट जेमतेम १ केबीची, घरच्या वापराला ते भरणं कठीणच. एमबफ (नेटवर्कचा डेटा ठेवायच्या मेमरीचे तुकडे) पण निम्मे रिकामे. चार रात्री वाया गेल्या. शेवटी लॉग नीट वाचला तेव्हा डोक्यात आलं की पॅनिक (सिस्टीम कोसळल्याची नोंद) नाही, एरर नाही, ८:५२ ला लॉग सरळ तुटलाय आणि पुढची ओळ थेट रीस्टार्टची. सॉफ्टवेअर मरताना शक्यतो काहीतरी बोलून मरतं हो, इथे कोणी तोंडावर हात ठेवल्यासारखं.

डब्ब्याला हात लावला आणि चटकन काढला. नागपूरचा मे, त्यात मी तो शोकेसमध्ये सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला. तापमान स्क्रीनवर दिसतच नव्हतं कारण थर्मल सेन्सरमध्ये इंटेल निवडावं लागतं, ते निवडलं तर ९३ डिग्री. खालचे चार स्क्रू काढून उघडला तर प्रोसेसर आणि बॉडीच्या मधली पेस्ट वाळून पापडासारखी, ती पण एकाच कोपऱ्यात. खरडून नवी लावली, बायोसमध्ये पॉवर लिमिट वाढवून ठेवलेली होती ती १० वॅटवर आणली (चिप मुळात ६ वॅटची आहे), डब्बा उघड्यावर ठेवला. भर दुपारी ६६ डिग्री.

तरी आठवड्यातून एकदा हँग व्हायचाच. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून झोपलो, सकाळी स्क्रीन लाल. सोबत आलेली रॅमच खराब! विकणाऱ्याला सांगितलं तर म्हणे तुम्ही दुसरं सॉफ्टवेअर टाकलं, वॉरंटी गेली. गप रॅम विकत आणून टाकली आणि हँग होणं तिथेच थांबलं.

त्यानंतर केलेल्या ट्यूनिंगचा खरा उपयोग झाला. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं कनेक्शन) असेल तर आत येणारा सगळा ट्रॅफिक नेटवर्क कार्डाच्या एकाच रांगेत येतो, एक कोअर घामाघूम आणि बाकीचे तीन गप्पा मारत बसलेले, टॉप ही कमांड लावून बघा, लगेच दिसतं. ट्यूनेबल्समध्ये (सिस्टीमच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) नेट डॉट आयएसआर डॉट डिस्पॅच 'डिफर्ड' केलं, मॅक्सथ्रेड्स उणे १, रीबूट, काम चारही कोअरमध्ये वाटलं गेलं. दुसरं म्हणजे शेपर, वेगाला लगाम घालणारा. कॅमेऱ्यांचं बॅकअप सुरू झालं की पिंग ९ वरून १८० मिलिसेकंदांवर जायचा, एफक्यू-कोडेल (रांग लांबू न देणारी पद्धत) लावून वेग ४६० वर बांधला तर आता २० च्या आत, ४० एमबीपीएस गेले त्याचं काही वाटत नाही. पोर्ट इंटेलच्या आय२२६-व्ही चिपचे आहेत, त्यांची लिंक मधेच पडते अशी ओरड बरीच आहे, मी बायोसमध्ये एएसपीएम (वीज वाचवायची सोय) बंद केलं, माझी तरी पडली नाही. सुरिकाटाने (घुसखोरी ओळखणारं सॉफ्टवेअर) ब्लॉकिंग करायचं असेल तर लॅनवर, म्हणजे घरातल्या बाजूला लावा, पीपीपीओईवर तो मोड चालत नाही, आणि हार्डवेअर ऑफलोडिंग (काही काम नेटवर्क कार्डावर सोपवणं) सगळं बंदच असू द्या. मी सुरिकाटा महिनाभर चालवून काढून टाकला, घरच्यासाठी डोकेदुखी जास्त.

लाइट जाण्याचं म्हणाल तर झेडएफएस (अचानक लाइट गेली तरी डेटा सहसा न बिघडवणारी फाइल सिस्टीम) निवडलंय आणि १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावलाय, डब्बा ११-१२ वॅटच खातो त्यामुळे तासभर निघतो.

पाचपैकी तीन तारे. एक रॅमचा कापला, एक पेस्टचा. आणि हो, नुसता डब्बा विनारॅम मिळत असेल तर तोच घ्या, पेस्टची ट्यूब सोबत मागवा.