कुंडाच्या पाण्यावर वीज करायची की वाळवण?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूरजवळचं उन्हाळे अशी ज्यांच्या गावात गरम पाण्याची कुंडं आहेत, त्यांच्या मनात यानंतर वीजनिर्मितीचा विचार येणं साहजिक आहे. एखाद्या ग्रामपंचायतीला, बचतगटाला किंवा सहकारी संस्थेला खरोखर काही उभं करायचं असेल, तर दोन वाटा आहेत: पाण्यातल्या उष्णतेची वीज करायची, नाहीतर ती उष्णता आहे तशीच वापरायची.

आधी हे पाणी तापतं कसं, ते पाहू. सह्याद्रीचा कातळ लाव्हाचा आहे म्हणून खाली ज्वालामुखी धुमसत असेल, असं अनेकांना वाटतं. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालेला. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. जमिनीत जगभर साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढतं, तेवढ्यानेच ते तापतं आणि एखाद्या मोठ्या भेगेतून झपाट्याने वर येतं. म्हणूनच कोकणातले सर्वात गरम झरेही ७० अंशांच्या आसपास थांबतात. इटलीत लार्देरेल्लोला १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवले गेले. तशी वाफ इथे पृष्ठभागावर येत नाही.

तरी ७० अंशांच्या पाण्यावर वीज होते. अलास्कातल्या चेना हॉट स्प्रिंग्ज इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर संच चालतो. गरम पाणी कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला तापवतं, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि वाफेचा पुन्हा द्रव करून तोच वापरतात. मेख या शेवटच्या टप्प्यात आहे. वाफ थंड करायला चेनाजवळ ४ अंशांचं पाणी आहे, आपल्याकडे नदीचं पाणी २७-२८ अंशांचं. यंत्राला उष्णतेइतकीच थंडीही लागते, आणि कोकणात ती नाही. चेनाला सुमारे ८ टक्के उष्णतेची वीज होते. आपल्याकडे ४-५ टक्के झाली तरी पुष्कळ.

समजा झऱ्यातून सेकंदाला ५ लिटर पाणी मिळतं आणि ते ६५ वरून ४५ अंशांवर आणलं. त्यातून सुमारे ४२० किलोवॉट उष्णता निघते. वीज केली तर साधारण २० किलोवॉट, पंपांचा खर्च वजा जाता १५. म्हणजे दिवसाला ३६० युनिट, पावसाळ्यातही आणि रात्रीही. ही वीज थोडीथोडकी नाही. तेवढ्यासाठी सुमारे ९० किलोवॉटचे सौर पॅनेल लागतील. पण सौर पॅनेल बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला मिळतो. या संचाचं सील गेलं तर कुणाला बोलावणार? शिवाय गावात वीज आधीच आलेली आहे.

लडाखच्या पुगा खोऱ्याचं गणित वेगळं आहे. चार हजार मीटरहून जास्त उंची, खाली जास्त गरम पाणी, वर कडाक्याची थंडी. तिथे १ मेगावॉटचा प्रकल्प करण्यासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला, आणि ते पटण्यासारखं आहे. पुगाची बातमी वाचून उन्हवऱ्याचा प्रस्ताव मात्र लिहू नये.

आता तेच ४२० किलोवॉट थेट वापरा. उष्णता विनिमयकातून (पाणी न मिसळता त्याची उष्णता हवेला देणाऱ्या उपकरणातून) हवा तापवून ती सुकवणी यंत्रात सोडली आणि निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं, तरी तासाला ३०० किलोच्या आसपास पाणी मालातून निघू शकतं. आइसलँडमध्ये कॉड माशाची डोकी भूऔष्णिक उष्णतेवर वाळवून नायजेरियाला पाठवतात. इथे खारी मासळी, सुपारी, कोकम, आंबापोळी, फणसपोळी असं बरंच काही आहे. मे महिन्याच्या शेवटी पाऊस लवकर आला की अंगणातलं कोकम आणि पोळ्या भिजतात. अशा वेळी आकाशाकडे न बघता चालणारी सोय खरी उपयोगाची.

अडचण हंगामाची आहे. मासळी धरून हिशेब मांडणाऱ्याने १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी विसरू नये. ऊन नसतं तेव्हा मासळीही नसते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र पाऊस आणि मासळी दोन्ही असतात, तिथे हे यंत्र पैसे मिळवेल. वर्षभर माल हवा असेल तर एकाच पिकावर भिस्त ठेवून चालणार नाही. याच उष्णतेवर यंत्र चालवून मासळीसाठी बर्फ करण्याचा मोहही आवरावा. हिमाचलात मणिकरणला भूऔष्णिक पाण्यावर शीतगृहाचा प्रयोग झाला होता, पण ते पाणी बरंच जास्त गरम होतं.

स्नानाच्या कुंडाशी या वापराचं भांडण नाही. सुकवणीतून ४५ अंशांवर आलेलं पाणी थोडं निवलं की अंघोळीजोगं होतं. पाणी खारं असेल तर साधे लोखंडी पाइप लवकर सडतील, विनिमयक चांगल्या स्टेनलेसचा किंवा टायटॅनियमचा घ्यावा लागेल. तिथे काटकसर नको.

भांडण होईल ते बोअरवेलवरून. जास्त पाणी मिळेल म्हणून कुंडाशेजारी बोअर मारायला मी तरी हो म्हणणार नाही. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला घरोघरी बोअर झाल्यावर गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे, मंदावले. शेवटी १९८० च्या दशकात सरकारने पोहुतू गीझरपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद केल्या, तेव्हा ते सावरू लागले. आपल्याकडे कुंडाशेजारी देऊळ असतं; धार आटली तर गाव ऐकून घेणार नाही.

सध्या वाहून जाणाऱ्या पाण्यात भागत असेल तरच पुढे जा. त्यासाठी मे महिन्यात धारेचा प्रवाह आणि उगमाशी तापमान मोजा, पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्या. ५० अंशांच्या खाली भरलं तर वीज सोडाच, सुकवणीही अवघड. अंघोळीची व्यवस्था नीट करा. तापमान साठ अंशांच्या वर आणि प्रवाह सेकंदाला दोन-तीन लिटर असेल तर छोटं सुकवणी यंत्र मागवायला हरकत नाही, आणि त्याच्या पंख्यांपुरते सौर पॅनेल छपरावर बसवून घ्या.