बाहेरचे युनिट नसलेला ‘हीट पंप’ आणि माझी झालेली फसवणूक

वर्षातले काही महिनेच वापरात असलेल्या आमच्या छोट्या घराच्या जेमतेम 9 चौरस मीटरच्या स्वयंपाकघरासाठी ‘हीट पंप’ म्हणून घेतलेले यंत्र विजेचा साधा हीटर निघाले; त्यासाठी मी साध्या हीटरच्या बरोबर 11 पट रक्कम मोजली आणि तीतील 80 टक्के तर यंत्र पाहण्याआधीच दिली.

मी विचार न करता खरेदी केली, असे कोणी समजू नये. बंद घरात नळ्यांतले पाणी गोठून सुमारे 9 टक्के फुगते आणि नळ्या फुटतात, म्हणून पाण्यावरचे रेडिएटर मी आधीच बाद केले होते. धुराडे नसल्याने लाकडाची शेगडी शक्य नव्हती. आणि धुराड्याविना गॅस हीटर लावला तर 1 किलो प्रोपेनमागे दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ खोलीतच कोंडते, कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळीच. उरली वीज. विक्रेता म्हणाला, 500 वॉट विजेत 1800 वॉट उष्णता. खरा हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून एवढे देऊ शकतो, हे मला ठाऊक होते, आणि तेवढ्या अर्धवट ज्ञानानेच घात केला.

बसवायला आलेल्या माणसाने ते यंत्र एका हाताने उचलून चार स्क्रूंवर टांगले. तो क्षण मला अजून छळतो. आत हीट पंपाला लागणारा जड कॉम्प्रेसर असता तर ते असे उचलले गेले असते का? बाहेर युनिट नव्हते, भिंतीला हवेसाठी एक भोकही पाडलेले नव्हते. पत्नीने विचारलेसुद्धा, “बाहेरची उष्णता आत येणार कुठून?” आणि मी (लिहितानाही लाज वाटते) तिलाच नवे तंत्रज्ञान समजावून सांगितले. उरलेले 20 टक्के तिथेच दिले.

चार तासांत खोली 6 अंशांवरून 9 अंशांवर आली. मीटर लावला, तर वीज 500 वॉट, म्हणजे उष्णताही तेवढीच. त्याला सिरॅमिक म्हणा की इन्फ्रारेड, तार तापवणारे यंत्र घेतलेल्या विजेहून अधिक उष्णता देऊच शकत नाही.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. ग्राहक तक्रार कार्यालयाने अर्ज तीनदा परत केला: पावतीची मूळ प्रत नाही, मग विक्रेत्याचा पत्ता अपुरा (तो पुरा असता तर मी त्याच्याच दारात उभा राहिलो नसतो?), आणि शेवटी पावतीवर ‘हीट पंप’ हे शब्दच नाहीत. ते खरोखर नव्हते. ‘खोली तापवण्याचे उपकरण’ एवढेच लिहिले होते. यंत्राचा प्रकार आणि दोन्ही वॉट (वीज किती घेते, उष्णता किती देते) पावतीवर लिहून घ्या, आणि यंत्रामागची माहितीची पट्टी ते टांगण्याआधी वाचा.

चौथा अर्ज स्वीकारला गेला, पण तपासणी होईपर्यंत यंत्र भिंतीवरून काढू नये, अशा लेखी सूचनेसह. त्याला 47 दिवस झाले, कोणी फिरकलेले नाही. त्याच यंत्राखाली 2000 वॉटचा साधा हीटर ठेवून आम्ही सध्या स्वयंपाक करतो.