पंप काढला, पण त्याचं काम राहिलं: स्पीडुइनोचे सात महिने

जिप्सी १.३, कार्बोरेटरवाली. ऑक्टोबरात कार्बोरेटर उतरवून एका इंजेक्टरची थ्रॉटल बॉडी (हवेची झडप आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर एकत्र) आणि स्पीडुइनो, म्हणजे इंजेक्टरला हुकूम देणारा ओपन सोर्स कॉम्प्युटर, बसवला. रोज बेळगावात टिळकवाडी ते उद्यमबाग, महिन्यातून एकदा चोर्ला घाटानं गोवा. स्टार्टिंग, आयडलिंग, मायलेज, सगळं ठीक. डोकं खाल्लं ते एकट्या अ‍ॅक्सिलरेशन एनरिचमेंटनं, म्हणजे पाय दाबताच क्षणभर द्यायच्या जादा पेट्रोलनं.

रेल्वे फाटक उघडलं, पहिला गिअर टाकून पाय दाबला की गाडी क्षणभर दम कोंडल्यासारखी व्हायची, मग एकदम उडी. मागून हॉर्न. उद्यमबागेतल्या मिस्त्रीमामांनी बॉनेट न उघडताच निदान केलं, "पंपाचा डायाफ्राम गेलाय की हो."

"मामा, ह्यात पंपच नाही."

"मग त्याचं काम कोण करतंय?"

मामांचं बरोबर होतं. कार्बोरेटरमध्ये पाय दाबताच जादा पेट्रोल टाकणारा छोटा पंप असतो. थ्रॉटल झटकन उघडला की हवा लगेच आत घुसते, मॅनिफोल्डमधला (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीतला) दाब चढतो, पेट्रोलची वाफ कमी होते आणि बरंचसं पेट्रोल भिंतीलाच चिकटतं. सिंगल पॉइंटमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकच इंजेक्टर असताना, त्याला अख्खा मॅनिफोल्ड ओलांडायचा असतो, म्हणून तूट आणखी मोठी.

लॉग, म्हणजे स्पीडुइनोनं नोंदलेले आकडे, काढला. पाय दाबताच लॅम्बडा (१ म्हणजे हवा-पेट्रोलचं अचूक प्रमाण, वर गेला तर लीन म्हणजे पेट्रोल कमी, खाली आला तर रिच म्हणजे जास्त) ०.९८ वरून १.३ वर. तक्त्यात पाय दाबण्याच्या त्या वेगाच्या घरात ४० टक्के जादा पेट्रोल होतं, ९० केलं, फरक पडला. मग हाव सुटली. १४० केलं आणि पुन्हा तेच कोंडणं! या वेळी लॅम्बडा ०.७ च्या खाली, मागे काळा धूर. लीन आणि रिच, पायाला दोन्ही सारखेच लागतात. लॉग नसता तर मी आणखी वाढवत गेलो असतो. शेवटी ९५ वर आलो, पण खरा गुण आला तो जादा पेट्रोल देत राहायचा वेळ २०० मिलिसेकंदांवरून ३५० केल्यावर.

जांबोटीच्या रस्त्याला खड्ड्यात पाय हलला तरी जादा पेट्रोल पडायचं, ते थ्रेशोल्ड (पाय किती झटक्यानं हलला की पेट्रोल वाढवायचं ती मर्यादा) ४० वरून ७० केल्यावर थांबलं.

सगळ्यात जास्त फसलो गोव्यात. घाट उतरून साखळीला पोचलो आणि पाय पूर्ण दाबला की गाडी मेल्यासारखी. तिथंच बसून एनरिचमेंट वाढवत राहिलो, उपयोग शून्य. घरी येऊन लॉग नीट पाहिला तर लॅम्बडा अर्ध्या सेकंदात सावरत नव्हता, पाय दाबून होता तोवर, चांगले तीन सेकंद, लीनच होता. बेळगाव साडेसातशे मीटरवर, इथं फुल थ्रॉटललाही मॅप (मॅनिफोल्डमधला दाब) ९२-९३ किलोपास्कलच्या पुढे जात नाही. समुद्रसपाटीला १००. म्हणजे व्हीई टेबलची (कोणत्या दाबाला आणि वेगाला मुळात किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्याची) वरची ओळ मी कधी ट्यून केलीच नव्हती, आणि राग काढत होतो एनरिचमेंटवर. पुढच्या खेपेला ती ओळ भरली, एनरिचमेंट परत ९५ वर.

थंड इंजिनाचं मात्र जमलेलं नाही. डिसेंबरात सकाळी पहिली दोन मिनिटं अडखळायची. थंड असतानाची वाढ १५० टक्क्यांपर्यंत नेली, आणि थंडी संपली. शिवाय इंजिन एकदा तापलं की दिवसाचा प्रयोग संपला, पुढचा दुसऱ्या दिवशी पहाटे.