दुकानातला जुना तराजू आणि दोन नातवंडं : नऊ महिने वापरून झाल्यावर

सगळे मोबाइलचे नाहीतर एअर फ्रायरचे रिव्ह्यू लिहितात, म्हटलं आपण आपल्या तराजूचा लिहू. विकत घेतलेला नाहीये. सासऱ्यांच्या किराणा दुकानातला आहे, लोखंडी दांडी, पितळी पारडी, साखळ्या, आणि सोबत षटकोनी लोखंडी वजनं, ५० ग्रॅमपासून ५ किलोपर्यंत. दुकान ह्यांनी गुडघे दुखायला लागल्यावर बंद केलं, तेव्हापासून सगळं माळ्यावर गोणपाटात बांधून पडलेलं.

आम्ही कराडला, लेक पुण्याला. तिची दोन, मोठी नात आठ वर्षांची आणि धाकटा पाचचा. पंधरा दिवसांनी एकदा येतात आणि मे महिना अख्खा इकडेच असतात. मागच्या मेमध्ये यायच्या आधी मी हौसेनं बॅटरीवरचा किचन सेट आणून ठेवलेला, बटण दाबलं की लाल लाइट लागतो आणि कुकरची शिट्टी होते. भारी महाग. दीड दिवस शिट्ट्या झाल्या, मग धाकट्यानं त्यातले सेल काढून आबांच्या टॉर्चमध्ये घातले आणि टॉर्च घेऊन पलंगाखाली गेला. सेट अजून कोपऱ्यात आहे, कोणाला हवा असेल तर सांगा.

चौथ्या दिवशी "आजी बोअर होतंय" सुरू झालं तेव्हा ह्यांनी तो तराजू काढला, चिंचेनं पारडी घासून घेतली आणि खिडकीच्या गजाला टांगला. झालं. त्या दिवशी घरातली एक वस्तू वजन करायची राहिली नाही, लाटणं, माझी चप्पल, टीव्हीचा रिमोट, आबांचा चष्मा, आबांची कवळीसुद्धा (रुमालात घालून, नाहीतर मी घेऊच दिली नसती). मोठीनं वहीत लिहून काढलं, कवळी चष्म्यापेक्षा हलकी, चष्मा रिमोटपेक्षा हलका, रिमोट डाव्या चपलेपेक्षा हलका. उजवी चप्पल डावीपेक्षा जड निघाली, ती का हे अजून कोणाला कळलेलं नाही.

माझ्याकडे डिजिटल काटा पण आहे, केकसाठी घेतलेला. मुद्दाम देऊन बघितला. दहा मिनिटं. ठेवलं की आकडा येतो, आकडा आला की संपलं, पुढं करायचं काय? तराजूत तसं नाही, इकडं बटाटा ठेवला की तिकडं १०० चं वजन घाल, खाली गेलं, काढ, ५० चं घाल, वर गेलं, मग आता एक लिंबू लावून बघ, मग लिंबू काढून दोन मिरच्या. बटाट्याचं वजन काढायला त्यांना पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासात माझी कणीक मळून पोळ्या होऊन जातात.

आता खरी गंमत. दुसऱ्या दिवशी मोठी म्हणाली, आबा तुमचा तराजू चीटिंग करतो. काहीच ठेवलं नाही तरी डावं पारडं खाली. हे एकदम तापले, चाळीस वर्षं दुकान केलं, एका गिऱ्हाइकानं बोट दाखवलं नाही वगैरे. चष्मा लावून बघितलं तर उजव्या साखळीची एक कडी तुटून गेलेली, म्हणजे तेवढी बाजू हलकी. मग गल्ल्यातली जुनी चिल्लर निघाली. कांगोऱ्यांचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे, चौकोनी पाच पैसे, २०११ च्या ३० जूनपासून चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी बंद झाली, तेव्हा राहिलेली ती तशीच डब्यात. मोठी एकेक नाणं उजव्या पारड्यात ठेवत बसली. दहा पैशाचं एक ठेवलं तर कमी, दोन ठेवली तर जास्त, शेवटी एक दहाचं आणि एक पाचचं असं बरोबर जमलं, काटा मधोमध. ह्यांनी ती दोन नाणी कापडात गुंडाळून साखळीला दोऱ्यानं बांधून टाकली आणि सांगितलं, ह्याला म्हणतात पासंग. बास, त्या दिवसापासून धाकट्याला दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळतं, "तू माझ्या पासंगालाही पुरत नाहीस." तो बिचारा मला विचारतो, आजी मी पुरतो ना?

माळ्यावरून मापं पण आली, पितळेची, शेर, मापटं, चिपटं, कोळवं. दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. ही धाकट्याची. अंगणात बादलीभर पाणी दिलं की तासभर ओतओत. शाळेत त्याला दुप्पट शिकवलंय की नाही माहीत नाही, पण शेरात आठ कोळवी बसतात हे त्याला कपडे भिजवून भिजवून पाठ झालंय. फक्त ज्वारी देऊ नका. मी दिली. नऊ महिने झाले, अजून फरशीच्या फटीत ज्वारी सापडते आणि पावसाळ्यात तुळशीच्या कुंडीत एक ताट उगवलं होतं.

वजनाचा शेर वेगळा, लोखंडी, ८० तोळ्यांचा पक्का शेर. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत पावशेर, छटाकच म्हणायच्या, १९५६ चा किलोचा कायदा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. पोरांनी एका पारड्यात शेर आणि दुसऱ्यात किलो ठेवला, किलो खाली. मग शेराच्या बाजूला काय घातलं की सारखं होईल? एक छोटा कांदा! शेर म्हणजे ९३३ ग्रॅमच्या आसपास, वर साधारण सदुसष्ट ग्रॅमचा कांदा टाकला की किलो. हे मला इतक्या वर्षात कधी असं डोळ्यासमोर आलं नव्हतं, जुना शेर आणि नवा किलो ह्यांच्यात एका कांद्याचा फरक.

तक्रारी पण लिहिते, नाहीतर म्हणाल आजी नुसतं कौतुक करते. दोन किलोचं वजन धाकट्याच्या हातून पडलं आणि ओट्याजवळची फरशी तडकली, नशीब पाय नव्हता. त्यानंतर एक किलोच्या वरची सगळी वजनं कपाटात. दुसरं, ही जुनी वजनं उलटी करून बघा, खालच्या खोबणीत शिसं भरलेलं असतं, वजन बरोबर करायला आणि त्यावर सरकारी शिक्का मारायला. लहान पोरं सगळं तोंडात घालतात, म्हणून मी खालून जाड चिकटपट्टी लावली आणि खेळून झालं की साबणानं हात धुणं सक्तीचं. तिसरं महत्त्वाचं, त्याच गोणपाटात सासूबाईंची डबी होती, गुंजांची. आठ गुंजा म्हणजे मासा आणि बारा मासे म्हणजे तोळा. लाल आणि टोकाला काळा ठिपका, पोरांना इतक्या आवडल्या. पण गुंज चावली गेली तर विषारी असते, मी डबी तिथल्या तिथं काढून घेतली आणि त्यावरून मोठी दोन तास रुसली. रुसू दे. नाणी पण पाच वर्षांखालचं पोर असेल तर नकोच.

आणि तुळस. ती माझीच चूक. रात्री गोष्ट सांगितली, कृष्णाची तुला केली, सगळे दागिने घातले तरी पारडं हलेना, मग रुक्मिणीनं तुळशीचं एक पान ठेवलं आणि पारडं बरोबर झालं. सकाळी मी आंघोळ करून बाहेर येते तर देवघरातला बाळकृष्ण पारड्यात बसलेला आणि दुसऱ्या पारड्यात तुळशीचा ढीग, मंजिऱ्यांसकट. कुंडीत नुसत्या काड्या. मोठी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आजी, एका पानानं काहीच होत नाही. अख्खी तुळस लागली तरी कृष्णच खाली." हे बाहेर जाऊन हसून आले. मी काय बोलणार, म्हटलं ती रुक्मिणी होती बाई. तर धाकटा म्हणतो, मग पासंग बांधला असेल.

दुकान-दुकान तर रोजचंच. हे गिऱ्हाईक होतात आणि घासाघीस करतात. रद्दीच्या कागदाची पुडी बांधायला शिकवलीय, कोन करायचा, वरचा कागद आत मुडपायचा आणि दोऱ्याचे दोन वेढे. मोठीची पुडी आता उलटी केली तरी सांडत नाही. धाकट्याची खालून गळते, त्याच्याकडून मी फक्त शेंगदाणे घेते. एकदा मोहरी घेतली, परत नाही.

परवा संक्रांतीला दोघं होते. पाव किलो तीळ आणि पाव किलो गूळ त्यांनीच तोलून दिला, गुळाचा खडा जास्त झाला की कमी करायला तोडून खायचा अशी पद्धत आहे. तोलता तोलता गूळ इतका कमी झाला की लाडू वळेनात, परत आणायला पाठवावं लागलं.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा तुळशीचा कापला, नवीन रोप लावलंय, चार पानं फुटलीत आणि येत्या शनिवारी येणारेत दोघं, कुंडी गच्चीवर नेऊन ठेवायचीय.