सायपायचं सॉल्व्ह-बीव्हीपी: काही महिने रोज वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं हे फंक्शन सीमामूल्याचे प्रश्न, म्हणजे दोन टोकांना अटी दिलेली डिफरन्शियल समीकरणं, संगणकावर सोडवतं. ते उत्तम आहे, फुकट आहे, आणि एमएस्सीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते हाताळून पाहावं. पण ते फक्त उकल शोधतं. उकल आहे का आणि एकच आहे का, हे त्याला विचारू नका. तो हिशोब आपणच कागदावर करायचा असतो. नागपूरच्या धरमपेठेत एमएस्सी आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवताना गेले काही महिने ते सतत वापरतोय, त्या अनुभवावरून लिहितोय.

आदिमूल्याच्या, म्हणजे सगळ्या अटी एकाच बिंदूवर दिलेल्या प्रश्नांनी आपल्याला सवय लावून ठेवलेली असते. लिपशिट्झ अट (वाय थोडा बदलला तर समीकरणाची उजवी बाजूही प्रमाणातच बदलते) तपासली की पिकार-लिंडेलॉफचं प्रमेय सांगतं, सुरुवातीच्या बिंदूजवळ उकल आहे आणि एकच आहे. अटी दोन टोकांना वाटल्या गेल्या की ही हमी संपते, समीकरण कितीही सोपं असलं तरी. वाय डबल डॅश (वायचं दुसरं डेरिव्हेटिव्ह) अधिक वाय बरोबर शून्य घ्या, आणि शून्यापाशी वायची किंमत शून्य ठेवा. उजवं टोक पायवर ठेवून तिथेही शून्य मागितलं तर साइनचा कोणताही पट चालतो, म्हणजे उकली अनंत. तिथेच १ मागितलं तर एकही उकल नाही. टोक पाय भागिले दोनवर आणून १ मागितलं तर नेमकी एक.

यातला उकल नसलेला प्रश्न फंक्शनला देऊन बघाच. ते अडत नाही. ‘कन्व्हर्ज झालं’ असं सांगतं आणि हजारोंच्या उंचीची गुळगुळीत साइन लाट हातात ठेवतं! कारण पद्धत चौथ्या ऑर्डरची कोलोकेशन आहे, म्हणजे ती अंतराचे तुकडे पाडून त्यांच्या जाळीवरच्या ठरावीक बिंदूंपाशी समीकरण पाळायला लावते. जाळीमुळे लाटेच्या फेजमध्ये किंचित चूक राहते, आणि त्या एवढ्याशा चुकीतून उजव्या टोकाला १ मिळवायचा म्हणजे लाट प्रचंड उंच करावी लागते. जाळी बारीक केली की चूक घटते, म्हणून उंची आणखी कित्येक पटींनी वाढते. माझ्या मते हीच सगळ्यात चांगली परीक्षा आहे. खरी उकल असेल तर जाळी बारीक करताना आकडे स्थिरावतात; इथे ते पळत सुटतात. एकाच जाळीवरचा ग्राफ प्रोजेक्टमध्ये चिकटवणाऱ्यांनी एवढं तरी जरूर करावं.

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीकडे गेला की पोरं हमखास गच्चीच्या स्लॅबचा प्रोजेक्ट घेतात. स्थिर उष्णतावहन, म्हणजे तापमान वेळेनुसार न बदलणारं, आणि दोन्ही बाजूंना उष्णतेचा प्रवाह दिलेला. वरून आत येणारा प्रवाह आणि खालून बाहेर जाणारा प्रवाह सारखे नसतील तर स्थिर उकलच नाही, स्लॅब तापतच राहील किंवा निवतच जाईल. सारखे असतील तर उकलीत कोणताही स्थिरांक मिळवा, सगळ्या चालतात. तापमान ३५ की ५५ हे समीकरणाला कळूच शकत नाही. इथे मात्र फंक्शन ‘सिंग्युलर जॅकोबियन’ (सोडवायच्या समीकरणांचं मॅट्रिक्स उलटवता येत नाही) म्हणून थांबतं. उपाय भौतिकशास्त्रातच आहे. खालच्या बाजूला खोलीतल्या हवेचं तापमान आणि संवहनाचा गुणांक (हवा किती वेगाने उष्णता वाहून नेते तो आकडा) धरून अट लिहा, उत्तर लगेच एकमेव होतं.

एकाहून जास्त उकली असलेला ब्राटूचा प्रश्न फंक्शनच्या दस्तऐवजातच उदाहरण म्हणून दिलाय, आणि ती निवड मला फार आवडली. वाय डबल डॅश अधिक लॅम्डा गुणिले ई-चा-वाय-घात बरोबर शून्य, शून्य आणि एक या दोन्ही टोकांना वाय शून्य. लॅम्डा १ असताना उकली दोन आहेत, एकीची मधली उंची ०.१४ आणि दुसरीची ४.०९. सुरुवातीचा अंदाज शून्य दिला तर पहिली मिळते, ३ दिला तर दुसरी. लॅम्डा ३.५१३८ च्या आसपास दोन्ही एकत्र येतात, आणि त्यापुढे उकलच नाही. एकच रन करणाऱ्याला दुसरी उकल असल्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून मी मुलांना आधी उजव्या बाजूचं वायच्या दृष्टीने आंशिक डेरिव्हेटिव्ह काढायला लावतो. वाय डबल डॅश बरोबर एफ असं लिहिलं, एफ आणि त्याची आंशिक डेरिव्हेटिव्ह्ज सतत आहेत, वायच्या दृष्टीने डेरिव्हेटिव्ह सगळीकडे धन आहे आणि वाय-डॅशच्या दृष्टीने मर्यादित आहे, तर दोन्ही टोकांना वाय दिलेल्या प्रश्नाला नेमकी एक उकल असते. ब्राटूत ते ऋण आहे. चिन्ह उलटं असतं, तर दोन उकलींचा प्रश्नच नव्हता. अट पुरेशी आहे, आवश्यक नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ती मोडली म्हणून एकमेवता गेलीच असं नाही.

बाकी किरकोळ. टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालेल ती मर्यादा, डीफॉल्टने ०.००१ असतो, तो मी कमी करून घेतो. नोड्सची, म्हणजे जाळीच्या बिंदूंची, डीफॉल्ट मर्यादा १००० आहे, तीक्ष्ण सीमास्तर (टोकाजवळच्या अरुंद पट्ट्यात उकल झपाट्याने बदलणं) असलेल्या प्रश्नांत ती वाढवावी लागते. अज्ञात पॅरामीटर सोबतच काढता येतो, त्यामुळे आयगेनव्हॅल्यूचे प्रश्न, म्हणजे पॅरामीटरच्या ठरावीक किमतींनाच शून्याखेरीज उकल असणारे, छान सुटतात. फक्त उकलीचं मोजमाप ठरवणारी एक जादा अट द्यायला विसरू नका, नाहीतर अनंत पटींतला कुठला निवडायचा हे त्याला कळणार नाही.